वर्धा ते पुलगाव, बुलेट गाडीने



मुंबई-नागपूर बुलेट गाडीची गोष्ट आपल्या भागात दर दोन-चार वर्षांनी नव्याने निघते. २०२१ च्या मार्चमध्ये या मार्गाची विमानातून मोजणी सुरू झाली. त्या वेळी थांब्यांची जी नावे पुढे आली त्यांत वर्धा होते, पुलगाव होते, कारंजा लाड, मेहकर, जालना होते. सगळा पऱ्हाटीचा आणि ज्वारीचा पट्टा. नावे ऐकल्याबरोबर गावोगाव दोन तट पडले. एकाचे म्हणणे, जमिनीला सोन्याचा भाव येणार. दुसऱ्याचे म्हणणे, जमीनच जाणार, भाव घेऊन काय करता? मधला प्रश्न मात्र कोणी विचारलाच नाही. ही गाडी वर्ध्याच्या माणसाला पुलगावी, कारंज्याच्या माणसाला मेहकरी, जालन्याच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरी नेण्याच्या कामाची आहे काय?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला पटत नसेल त्याला बैठकीत उभे राहून खोडून काढता येईल. लांबचा पल्ला असेल, मध्ये थांबे थोडे असतील आणि दोन्ही टोकांना रोज हजारो उतारू तिकीट काढून बसणारे असतील, तर ताशी ३२० किलोमीटरची गाडी शहाणपणाची ठरू शकते. शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या शेजारच्या शहरांसाठी ती म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तालुक्या-तालुक्याला बुलेट थांबवून देतो असे जो पुढारी सांगतो, तो तुम्हाला गाडी देत नाही. तो तुमची जमिनीची संमती स्वस्तात मिळवतो आहे.

वेगाच्या आम्ही विरोधात नाही, हेही सांगून ठेवतो. बैलगाडीचे गोडवे गाणारे बहुतेक लोक शहरात राहतात आणि मोटारीने फिरतात. प्रश्न हिशेबाचा आहे.

वेग धावायला जागा मागतो

३२० हा आकडा ऐकून छाती दडपते. पण गाडी फलाटावरून सुटल्याबरोबर ३२० ने पळत नाही. तो वेग गाठायला तिला पंधरा-वीस किलोमीटर लागतात, आणि थांबायचे असेल तर कित्येक किलोमीटर आधीपासून वेग उतरवावा लागतो. वर्धा ते पुलगाव अंतर तीसेक किलोमीटर. म्हणजे गाडी जेमतेम रंगात येते तोच ब्रेक लावायची वेळ होते. शंकरपटातली जोडी पटावर पळवायची असते. तिला बांधाबांधाला थांबवून पाणी पाजणाऱ्याला आपण काय म्हणू?

ही माझी कल्पना नाही. मुंबई-अहमदाबाद मार्गाचे सरकारी वेळापत्रकच तसे बोलते. ५०८ किलोमीटर, बारा स्टेशने. मोजकेच थांबे घेणारी गाडी २ तास ७ मिनिटांत पोचणार, आणि सगळीकडे थांबणारी २ तास ५८ मिनिटांत. इंजीन तेच, रूळ तेच, वेग तोच. नुसत्या थांब्यांनी पाऊण तासाहून जास्त वेळ खाल्ला. दर थांब्याला पाच-सहा मिनिटे पडतात असे धरा.

आता शेजारच्या शहरांचा हिशेब मांडू. दोन शहरांत दीडशे किलोमीटर अंतर आहे, मध्ये दोन थांबे आहेत. ताशी १६० पर्यंत पळणारी गाडी हे अंतर दीड तासाच्या आत तोडते. ३२० वाली पाऊण तास घेते. वाचली चाळीस मिनिटे. पण माणूस फलाटावर राहत नाही. त्याला घरून स्टेशनवर जायचे असते, तिथे तपासणीच्या रांगेत उभे राहायचे असते, उतरल्यावर बाजारात किंवा कचेरीत पोचायचे असते. बुलेटचे स्टेशन गावाबाहेर पंधरा किलोमीटरवर असले तर दोन्ही टोकांना मिळून ती चाळीस मिनिटे ऑटोरिक्षातच संपली. पाचशे किलोमीटरच्या प्रवासात तीन तास वाचतात, म्हणून तिथे अर्धा तास वाया गेला तरी चालतो. शेजारच्या गावाला जाताना वाचवण्यासारखे मुळात फारसे नसतेच.

आणि स्टेशन गावाबाहेरच का? कारण ही गाडी वळत नाही. रस्ता विहिरीला वळसा घालतो, मारुतीच्या देवळाला वळसा घालतो, पुढाऱ्याच्या फार्महाऊसला तर हमखास घालतो. ३२० च्या वेगाला वळणाची त्रिज्याच सहा किलोमीटरच्या घरात लागते. एकदा आखणी झाली की ती सुतळी ताणल्यासारखी जाते, आणि दाट वस्तीत शिरायचे तर भुयार खणावे लागते. मुंबईत तसेच चालले आहे. २१ किलोमीटरचे भुयार, त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. मुंबईसाठी एवढा पैसा कोणी खर्चेल. कारंज्यासाठी किंवा मेहकरसाठी भुयार कोण खणणार? तिथे स्टेशन रानातच पडणार.

बीटच्या रानातले स्टेशन, भाताच्या रानातले स्टेशन

रानात पडलेली स्टेशने जगात पुष्कळ आहेत. फ्रान्समध्ये आमिआं आणि सां-कांतां या दोन शहरांच्या मधोमध, दोन्हींपासून लांब, १९९४ मध्ये वेगवान गाडीचे स्टेशन उघडले. दोन्ही शहरांना खूश करायचे म्हणून मधला बिंदू काढला. भोवती साखरेच्या बीटची शेते. लोकांनी त्याचे नाव पाडले, बीटरूट स्टेशन. कोणत्याही शहरातून तिथे जायचे तर आधी बस किंवा मोटार पकडायची.

जपानची गोष्ट तर आपल्याला अगदी घरची वाटेल. टोकियो-ओसाका ही जगातली पहिली बुलेट गाडी, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झालेली. त्या मार्गावर गिफु-हाशिमा नावाचे स्टेशन आहे. बांधले तेव्हा चहूकडे भाताची शेते होती. ओनो बानबोकु नावाच्या वजनदार पुढाऱ्यामुळे ते स्टेशन तिथे आले असे जपानी लोक सर्रास मानतात. स्टेशनसमोर त्याचा आणि त्याच्या बायकोचा पुतळा उभा आहे. आणि आज त्या मार्गावरची सगळ्यात वेगवान गाडी, नोझोमी तिचे नाव, या स्टेशनवर थांबत नाही. पुतळ्यासमोरून वाऱ्यासारखी निघून जाते. कारंज्याला थांबा मिळाला म्हणून फटाके लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. स्टेशन मिळणे आणि गाडी थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही टोकियो-ओसाका गाडी जगभर यशाचा नमुना मानली जाते, आणि ते खरे आहे. बांधताना खर्च ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट झाला. रेल्वेचे प्रमुख शिन्जी सोगो यांना १९६३ मध्ये पद सोडावे लागले. पण गाडी सुरू झाली आणि भरली, कारण जुनी अरुंद लाईन आधीच तुडुंब होती आणि ५१५ किलोमीटरच्या त्या पट्ट्यात जपानची निम्मी कारखानदारी वसलेली होती. कोरोनाच्या आधी तिथे रोज चार लाखांहून जास्त उतारू बसत होते. मग इतर पुढाऱ्यांनाही आपापल्या भागात ती हवीशी झाली. पुढे १९८७ मध्ये जपानची सरकारी रेल्वे कर्जाखाली मोडून पडली आणि तिचे तुकडे करून कंपन्या करण्यात आल्या. दोष एकट्या बुलेट गाड्यांचा नव्हता, पण पुढाऱ्यांच्या आग्रहावरून उतारू नसलेल्या ठिकाणी रूळ टाकण्याचा त्यात वाटा होता.

स्पेनमध्ये एका टोकाचा आकडा पाहायला मिळतो. माद्रिद-बार्सेलोना ६२१ किलोमीटर, २००८ पासून वेगवान गाडी, अडीच तासांत. विमानाचे उतारू तिने ओढून घेतले. त्याच देशात २०१० च्या डिसेंबरात तोलेदो, क्वेन्का आणि अल्बासेते या तीन मध्यम शहरांना जोडणारी थेट वेगवान गाडी सुरू केली. तोलेदो ते अल्बासेते जाणारे उतारू दिवसाला सरासरी नऊ निघाले. नऊ हजार नव्हे, नऊ. आपल्या काळीपिवळी जीपमध्ये याहून जास्त बसतात. सहा महिन्यांत, २०११ मध्ये, ती गाडी बंद केली.

उलट उदाहरणही आहे, ते लपवून ठेवणार नाही. चीनमध्ये बीजिंग-तियानजिन ही सव्वाशेच्या आतल्या अंतराची वेगवान गाडी २००८ पासून चालते आणि अर्ध्या तासात पोचवते. माद्रिद-तोलेदो तर फक्त पंचाहत्तर किलोमीटर, तीही चालते. म्हणजे शेजारच्या शहरांत ही गाडी कधीच चालत नाही असे नाही. पण बीजिंग आणि तियानजिन, दोन्हींत एकेक कोटीहून जास्त लोक. तोलेदोचा माणूस रोज माद्रिदला नोकरीला जातो. शिवाय चीनमध्ये जमीन सरकारची किंवा गावकीची, शेतकऱ्याच्या मालकीचा सातबारा तिथे नाही. अमरावती आणि अकोला, किंवा यवतमाळ आणि वर्धा यांच्यात रोज कोण इतके लोक ये-जा करणार? आणि केलीच तर भाडे कोण देणार? मुंबई-अहमदाबादचे भाडे तीन हजारांच्या आसपास राहील असे २०१८ मध्ये सांगण्यात आले होते. २०२५-२६ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये होता. एका माणसाच्या एका बाजूच्या तिकिटाला पाऊण क्विंटलाहून जास्त ज्वारी. तीही हमीभावाने विकली गेली तर. बाजारात काय भाव मिळतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

शेजाऱ्याकडे जायला काय लागते

मग शेजारची शहरे जोडायचीच नाहीत काय? जोडायची. पण त्याला जुना रूळ सुधारणे, एकेरीचा दुहेरी करणे, विजेची तार टाकणे, फाटके काढून पूल बांधणे एवढे पुरते. दिल्लीहून आग्र्याला जाणारी गतिमान गाडी २०१६ पासून १८८ किलोमीटर १०० मिनिटांत काटते. ताशी १६० चा वेग, जुन्याच मार्गाची डागडुजी करून मिळवलेला. त्यासाठी कोणाच्या शेतातून नवा पट्टा काढावा लागला नाही. दिल्ली-मेरठची नमो भारत गाडी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ८२ किलोमीटर, वेग तोच १६०. ती स्वस्त नाही, तीस हजार कोटींचे काम आहे. पण तिची स्टेशने भर वस्तीत आहेत, आणि चढणारे लोक रोज कामाला जाणारे आहेत.

आपल्याकडे काय आहे ते पाहा. मुंबईहून जालन्याला येणारी वंदे भारत २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढवली. ६१० किलोमीटरला साडेनऊ तासांच्या आसपास लागतात. ताशी पासष्ट किलोमीटरही पडत नाहीत. डबा १८० ने पळण्याच्या लायकीचा, पण मनमाडच्या पुढे लाईन बरीचशी एकेरी. समोरून गाडी आली की ही थांबणार. गाडी कितीही देखणी आणा, रूळ एकच असेल तर तिला बाजूला उभे राहावेच लागते. अरुंद पांदणीत नवा ट्रॅक्टर घातला म्हणून समोरची गाडी हवेत उडून जात नाही.

अहिल्यानगर-बीड-परळी ही लाईन १९९५ मध्ये मंजूर झाली. बीडला पहिली गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षे. मंजुरीच्या वर्षी जन्मलेला पोर आज स्वतः बाप झाला असेल, आणि परळीपर्यंतचा रूळ अजून पुरा व्हायचाच होता. खर्च साडेतीनशे कोटींवरून साडेचार हजार कोटींच्या वर गेला. वर्धा-यवतमाळ-नांदेड लाईन २००८ च्या सुमारास मंजूर झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यातला वर्धा ते कळंब एवढाच तुकडा सुरू झाला. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला तर आपल्या कापसासाठीच टाकलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी कंपनीने रूळ टाकले ते वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत आणि तिथून मँचेस्टरपर्यंत न्यायला. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजीन होते. २०१६ मध्ये ब्रॉडगेज करू अशी घोषणा झाली. गाड्या बंद पडल्या, ब्रॉडगेज आले नाही. परक्या सरकारला आपला कापूस हवा होता म्हणून त्याने रूळ टाकला. आपल्या सरकारला आपली मते हवी असतात आणि मते मिळवायला घोषणा पुरते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल बुलेटवाले बोलत नाहीत. बुलेट गाडी माल नेत नाही. तिच्यात कापसाची गाठ चढत नाही, सरकी चढत नाही, ज्वारीचे पोते चढत नाही. खरिपाच्या तोंडावर आपण तालुक्याला विचारत फिरतो, "रेक लागला का?" तो युरियाचा रेक जुन्याच एकेरी रुळावरून येतो, आणि उतारूंच्या गाड्यांना वाट देत कुठेतरी लूपलाईनवर तिष्ठत उभा राहतो. भारतीय रेल्वे उतारूंचा तोटा मालाच्या भाड्यातून भरून काढते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या मालात आपले खत आहे, आपल्या गाठी आहेत. पूर्व आणि पश्चिम असे मालगाड्यांचे दोन स्वतंत्र मार्ग देशाने हाती घेतले. मिळून २८४३ किलोमीटर, खर्च सव्वा लाख कोटींच्या घरात. मुंबई-अहमदाबाद बुलेटचा मूळ अंदाजच १ लाख ८ हजार कोटींचा होता, तोही ५०८ किलोमीटरला. दर किलोमीटरचा भागाकार ज्याने त्याने करून पाहावा. जवळजवळ पाचपटीचा फरक येतो.

त्या बुलेटची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ ला झाली. २०२२ च्या १५ ऑगस्टला गाडी धावेल असे तेव्हा सांगितले, मग २०२३ म्हटले. २०२५ मध्ये नवी तारीख आली, २०२७ च्या ऑगस्टची, आणि तीही सुरत-बिलिमोरा या टप्प्याची. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. म्हणजे पहिली बुलेट शेजारच्याच गावाला जाणार! नवी गाडी दाखवायला तेवढे पुरेल म्हणा.

जपानने यासाठी ८१ टक्के रक्कम कर्जाऊ देण्याचे कबूल केले. व्याज वर्षाला ०.१ टक्का, मुदत पन्नास वर्षे, पहिली पंधरा वर्षे परतफेडच नाही. आपल्या पीककर्जाची तारीख हंगाम संपला की दारात उभी राहते, आणि पाऊस पडला नाही ही सबब बँकेत चालत नाही. जपानी कर्ज येनमध्ये फेडायचे आहे. रुपया घसरला तर ०.१ टक्क्याचे किती होतील ते आज कोणी सांगू शकत नाही. फुकटासारखे दिसणारे कर्ज घेऊन बसलेले शेतकरी आपल्यात कमी नाहीत, तेव्हा हे आपल्याला जास्त फोड करून सांगायला नको.

पुणे-नाशिकचा धडा

शेजारच्या दोन शहरांमधल्या वेगवान गाडीचे आपल्या राज्यातले ताजे उदाहरण पुणे-नाशिकचे. सुमारे २३५ किलोमीटर, ताशी २०० चा वेग, पावणेदोन तासांत प्रवास, सोळा हजार कोटींचा अंदाज. माझ्या मते यात तथ्य होते. आज पुण्याहून नाशिकला रेल्वेने जायचे तर कल्याणला वळसा घालावा लागतो. दोन्ही शहरे मोठी, मधला टापू कांद्याचा आणि भाजीचा, आणि मागणी ३२० च्या वेगाची नव्हती. खेड, जुन्नर, संगमनेर, सिन्नरकडे मोजण्या झाल्या. काही ठिकाणी खरेदीखतेही झाली. मग लक्षात आले की मार्ग खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या जवळून जातो आणि गाड्यांच्या विजेमुळे दुर्बिणीच्या कामात बाधा येते. दुर्बीण तिथे १९९० च्या दशकापासून उभी आहे, रात्रीत उगवलेली नाही. तरी आखणी झाली, मोजणी झाली, पैसेही वाटले गेले, आणि २०२४ च्या अखेरीला केंद्राने सांगितले की मार्ग बदलावा लागेल. पुढे शिर्डीवरून नेण्याची भाषा सुरू झाली.

ज्यांच्या गटावर ती जुनी रेघ पडली होती त्यांचे काय झाले असेल याचा विचार करा. रेघ पडली की जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही. विहीर खणावी तर पैसा पाण्यात जाईल ही भीती. फळबाग लावावी तर मोजणीनंतरची म्हणून मोबदल्यात धरणार नाहीत ही भीती. भावाभावांत मोबदल्याच्या वाटणीवरून आधीच भांडणे लागतात. आणि मग एके दिवशी वर्तमानपत्रात येते की रेघ दुसरीकडे गेली.  माझ्या दृष्टीने बुलेट गाडीतला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. गाडी आली तर निदान मोबदला मिळतो. न येणारी गाडी फुकटात जमीन अडकवून ठेवते.

म्हणून आपली मागणी अशी असावी. आखणी जाहीर केली की ठरावीक मुदतीत, फार तर दोन वर्षांत, पैसे देऊन जमीन घ्या, नाहीतर रेघ पुसा आणि अडकवल्याच्या प्रत्येक वर्षाचे भाडे द्या. मुंबईत जागा अडवून ठेवली तर मालक भाडे मागतो की नाही?

न्यायाने बोलायचे तर जमिनीच्या बाबतीत बुलेटची एक बाजू चांगली आहे. मुंबई-अहमदाबाद मार्गाचा बहुतेक भाग खांबांवरून जातो आणि पट्टा साडेसतरा मीटर रुंदीचा पुरतो. किलोमीटरला सव्वाचार एकरांच्या आसपास. समृद्धी महामार्गाचा पट्टा १२० मीटरचा, म्हणजे किलोमीटरला तीस एकरांच्या जवळ. खांबांखालून बैल जातो, ट्रॅक्टर जातो, पावसाचे पाणीही जाते. मातीचा भराव घातला तर शेताचे दोन तुकडे होतात आणि वरच्या अंगाला पाणी तुंबून पऱ्हाटी पिवळी पडते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या गाडीच्या रुळाला काही मिलिमीटरचा फरकही सोसत नाही. तेव्हा काळ्या रानात खांबच घाला हा आग्रह आपल्या सोयीचा आहे आणि त्यांच्याही. फ्रान्समध्ये असा मार्ग शेतांतून गेला की उरलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण करून देण्याचा खर्च प्रकल्पावर टाकण्याची तरतूद १९६२ पासून आहे. आपल्याकडे तुकडा उरला तो उरला. आठ गुंठ्यांच्या तिकोनी तुकड्यात औत कसे वळवायचे ते ज्याचे त्याने पाहावे.

मोबदल्याचे दोन शब्द. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोन या गुणकाने गुणायचे आणि वर तेवढेच दिलासा म्हणून द्यायचे. म्हणून चौपट-चौपट असा बोभाटा होतो. पण चौपट कशाची? मुळातला भाव सरकारी दरपत्रकावरून किंवा मागच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांवरून निघतो. यात आपलीही एक खोड आपल्याला नडते. मुद्रांक वाचवायला आपण पंधरा लाखांची जमीन पाच लाखांची दाखवतो. मग सरकार त्याच पाच लाखांना गुणत बसते आणि आपण अन्याय झाला म्हणून ओरडतो. विक्रोळीत गोदरेज कंपनीची दहा एकरांच्या आतली जागा बुलेटसाठी घेतली, तिचा मोबदला २६४ कोटी ठरला. तेवढ्यावर समाधान न होता कंपनी हायकोर्टात गेली. २०२३ च्या फेब्रुवारीत कोर्टाने संपादनाला हात लावायला नकार दिला. शहरातली जागा आणि आपले कोरडवाहू रान यांचा भाव सारखा असणार नाही हे कळते. पण कागद कसे सांभाळावेत आणि भांडावे कसे, ते त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

समृद्धीच्या वेळी जिरायत, हंगामी बागायत आणि बागायत असे वेगवेगळे दर लागले. ज्याची विहीर होती पण सातबाऱ्यावर नोंद नव्हती, त्याचे रान जिरायतच ठरले. तेव्हा बुलेट येवो न येवो, विहीर, बोअर, जमिनीखालची पाईपलाईन, बांधावरची आंब्या-चिंचेची झाडे यांची नोंद आजच तलाठ्याकडे करून घ्या, आणि ई-पीक पाहणीत रब्बीची ज्वारी घ्यायला विसरू नका. मोजणीचा माणूस आल्यावर धावाधाव करून काही होत नाही.

आखणीवर सुनावणी लागली तर तिथे भावाच्या आधी गाडीबद्दल विचारायचे. आमच्या स्टेशनवर दिवसाला किती गाड्या थांबतील, त्यांतल्या किती सगळ्यात वेगवान असतील, स्टेशन गावापासून किती किलोमीटरवर असेल, उतारूंचा अंदाज कोणत्या आकड्यावरून काढला, हे लेखी मागायचे. त्याच अर्जात वर्धा-नांदेड लाईन कधी पुरी होणार आणि शकुंतलेचे ब्रॉडगेज कुठे अडले आहे तेही विचारायचे.

ज्यांच्या गावावरून २०२१ ची मोजणी गेली असे वाटते, त्यांनी सातबारा, गटनकाशा आणि गावातल्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांच्या नकला पुढच्या जिल्हा बैठकीला सोबत आणाव्यात. दर कसा निघतो ते तिथेच कागदावर मांडून पाहू.